गेरूचा गोल

मी खुर्चीवरून उठले आणि बाईंनी खुर्चीवर पाणी ओतलं.

मी फाटकाबाहेरही पडले नव्हते. तेवढी वाटसुद्धा पाहिली नाही त्यांनी. मदन महाल मोहल्ल्यातल्या त्या घराचा ओटा, निळी प्लास्टिकची खुर्ची आणि मगातून पडणारं पाणी. भर दिवसा. शेजारची बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिनं पाहिलं आणि पुढचा कपडा झटकला.

पाचच मिनिटांपूर्वी त्याच बाईंनी मला हाताला धरून त्या खुर्चीवर बसवलं होतं.

मी मलेरियाच्या पथकात काम करते. ठेकेदाराकडून. खांद्यावर पंप, पिशवीत दवा, एक पांढरी वाटी आणि गेरूचा डबा. दारात उभं राहून रोज तेच तेच सांगायचं. आम्ही फुकट येतो. कूलर, हौद, कुंड्या, गच्चीवरचे टायर बघतो. पाण्यात अळी सापडली तर वाटीत काढून तुम्हाला दाखवतो, दवा टाकतो. लोकांना यातलं काही ऐकायचं नसतं. "चूहे भी मारते हो क्या?" असं विचारतात. नाहीतर "धुआँ कब छोड़ोगे?" धूर सगळ्यांना हवा. कूलरचं पाणी फेकायला मात्र कुणाचा हात उठत नाही.

घर बघून झालं की फाटकाच्या खांबावर गेरूनं खूण करायची. आत जाऊन पाहिलं तर गोल. आत जाता आलं नाही तर फुली. फुली असली की त्या घरी पुन्हा यावं लागतं. म्हणून सुपरवायझरला गोल आवडतात. आणि आम्हाला सुपरवायझर खूश असलेला आवडतो. पोट आहे.

त्या दिवशी फाटक उघडता उघडता माझ्या तोंडून निघालं, "काय ऊन आहे बाई!"

आतून बाई धावतच आल्या. "अगंबाई! मराठी का तू?"

या शहरात दारात मराठी ऐकू आली की माणूस असंच धावतं. मीही हरखले. खोटं कशाला बोलू? त्यांनी खुर्ची ओढली, बस म्हणाल्या. "आमच्याकडे मराठी बोलायला कोणी राहिलंच नाही गं. सुनेला समजते सगळी, पण बोलते हिंदीच." सून दारात उभी होती. लग्नाला वर्षही झालं नसेल. माझ्याकडे बघून हसली.

"कुठले तुम्ही?"

"आजोबा नागपूरकडचे. फॅक्टरीत लागले, म्हणून इकडे आले."

"हो का? आडनाव काय?"

मी सांगितलं.

"अच्छा," बाई म्हणाल्या.

एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. पण माझ्या आजोबांनी, माझ्या बापानं, मी, आम्ही सगळ्यांनी ऐकलेला तो अच्छा आहे. चेहरा तोच राहतो आणि त्यावरचं दार लागतं.

"आत नको येऊ. मागच्या हौदाचं पाणी देवाला लागतं आमच्याकडे. बाहेरूनच काय फवारायचं ते फवार आणि खूण करून जा." मग सुनेला म्हणाल्या, "हौदातलं पाणी आण जरा मगभर."

मला वाटलं, मला प्यायला मागवून राहिल्या. माझी अक्कल ती एवढीच. पाणी खुर्चीसाठी होतं.

त्या खुर्चीची बैठक खोलगट होती. सगळं पाणी वाहून गेलं नाही, मधोमध थोडं थांबलं. ओट्याची पायरी उतरताना माझी नजर तिथं गेली. इतकी वर्षं हेच काम केल्यावर नजरेला सवय असते. त्या पाण्यात अळी होती. दोन होत्या. डोकं खाली, शेपूट वर, वळवळत होत्या.

म्हणजे हौद अळ्यांनी भरलेला होता.

बाई आत निघून गेल्या. सून रिकामा मग घेऊन तिथंच उभी. खाली मान घालून म्हणाली, "दीदी, आप बुरा मत मानना।" मग मी खुर्चीकडे बघतेय हे तिला दिसलं. तिनं विचारलं, "सब ठीक है ना?"

मी म्हणाले, "हो. ठीक आहे."

आणि खांबावर गोल काढला.

का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता उत्तराला चव उरली नाही. जळत होते मी. मनात आलं, देवाला लागतं ना पाणी, घ्या मग. प्या. एवढंच आलं मनात. आणि फुली काढली असती तर त्या दारात पुन्हा यावं लागलं असतं. मला यायचं नव्हतं.

महिनाभरानं सुपरवायझरनं मला त्याच फाटकापाशी बोलावलं. बैठकीचं दार उघडं होतं. समोरच्या भिंतीवर सुनेचा फोटो, त्याला हार. डेंगू. चार दिवसांचा ताप.

डास कुठल्या पाण्यातला, ते कुणी सांगू शकत नाही. शहाणी माणसं मला हेच सांगतात. त्यांचं खरंही असेल. पण ती अळी त्यांनी पाहिली नव्हती, मी पाहिली होती.

गल्ली जमली होती. बाई पुढे आल्या. खांबाकडे बोट करून ओरडल्या, "हीच ती! आत पाऊल टाकलं नाही आणि गोल काढून गेली. हिच्यामुळे गेली माझी पोर!"

गोल माझाच होता. अजून तसाच लाल.

सुपरवायझर कानाशी म्हणाला, "हाथ जोड़ ले। माफ़ी माँग और बात खत्म कर।"

माझे हात वर आलेही होते. छातीपर्यंत. पिढ्यांची सवय हातांना, सांगावं लागत नाही. तेवढ्यात ओट्यावरची ती निळी खुर्ची दिसली आणि हात तिथंच थांबले.

"माफी मागायची आहे मला," मी म्हणाले. "पण तुमची नाही, तिची. तुमच्या खुर्चीवरच्या पाण्यात अळी होती. मला दिसली. तिनं विचारलं, तरी मी सांगितलं नाही. ते पाप माझं. सगळ्यांसमोर कबूल करून राहिले मी. आता तुम्ही सांगा. मी आत काहून नाही गेले?"

बाईंनी बोट खाली घेतलं.

"आडनाव विचारलं तुम्ही. खुर्ची धुतली. त्याचं कोण कबूल करणार?"

"चुप!" सुपरवायझर म्हणाला.

मी गप्प झाले नाही. विचारलंही नाही. ओट्यावर चढले, बैठकीतून, देवघरावरून सरळ मागच्या अंगणात गेले. हौदाचं झाकण उचललं. महिना झाला होता, घरातली पोर गेली होती, आणि हौद अजून तसाच होता. पांढऱ्या वाटीत पाणी घेतलं आणि बाहेर येऊन बाईंच्या पुढ्यात धरलं.

"पहा."

त्यांनी पाहिलं. तोंडाला पदर लावला. मला त्यांची दया आली नाही. आज येते कधी कधी. तेव्हा नाही आली.

परत जाऊन हौदात दवा टाकली. मग खांबावरच्या त्या गोलावर फुली मारली. जाड, दोन्ही बाजूंनी. सुपरवायझर म्हणाला, मिटा दे. नाही मिटवली. आठ दिवस कामावर घेतलं नाही मला. नवव्या दिवशी ठेकेदारानंच बोलावलं, कारण भादव्याच्या उन्हात गच्च्या चढायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

अजूनही कुठं पाणी ओतल्याचा आवाज आला की मान आपोआप वळते. पाणी पिण्याआधी ग्लास उजेडात धरून बघते. माझी लेक चिडते. आणि ती पोर रिकामा मग घेऊन माझ्या डोळ्यांसमोर उभी असते. ती काही जात नाही. जाऊही नये.

आता कुणी मला दारात अडवलं तर मी फुली काढते आणि फुलीखाली लिहिते, "अंदर नहीं आने दिया." हिंदीत, सगळ्या गल्लीला वाचता यावं म्हणून. लोक भांडतात, पुसायला सांगतात. मी पुसत नाही. आणि कुणी फाटकाआडून विचारलं, "सब ठीक है ना?" तर सांगते, "आत गेल्याशिवाय मी कुणालाच ठीक म्हणत नाही."

आडनाव विचारलं तर तेही सांगते. मोठ्यानं. मग उंबरा ओलांडते.