एकशेएक नंबरचा पाट

"हितं राहतं कोण कोण?"

घरात पाऊल टाकलं की आमच्या नेटवाल्या भाऊंचा हा पहिला प्रश्न. जनगणनेला आल्यासारखा. मी माणसं सांगायला लागले की म्हणायचे, "माणसं न्हाई वो वहिनी, मशिनी! मोबाइल किती, टीव्ही किती, कॅमेरे किती?" आणि एकेक बोट मुडपत बसायचे.

भाजे गावात आम्ही दोन खोल्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना देतो. पाहुण्यांना आधी वायफाय लागतं, लेणी मागाहून. त्यामुळे या माणसाचं आमच्याकडे सारखं येणंजाणं. पन्नाशीचे, अंगानं काडी, मळवलीहून स्कूटरवर यायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. येतो म्हणाला की येत नाही, आणि आला की जायचं नाव घेत नाही.

नेटची भानगड ते पंगतीवरून समजावायचे. "परत्येक मशिनीला बसायला एक पाट. पाटाला नंबर. एका पाटावर दोघं बसले की दोघंबी उपाशी." टीव्हीला मात्र ते स्वतःच्या हातानं नंबर घालून द्यायचे, आणि तो कायम एकशेएक. का, म्हणून विचारलं तर वर मलाच, "आहेराला नुसतं शंभर देता का तुमी? वर एक लागतोच की!" अख्ख्या मावळातले टीव्ही या बाबानं शुभ करून ठेवले होते.

यातून कधीतरी घोळ होणार, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या आलं नव्हतं.

आमचे मालक आणि माझे धाकटे दीर तेव्हा दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. पाहुण्यांची गाडी अंगणात कुणाच्या बाजूला लावायची! अंगणात बुटकी भिंत आली, शेत वाटलं, पातेली वाटली. वायफायचा डबा तेवढा दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवर सामाईक राहिला, कारण तो कापून वाटता येईना.

दिरांची कोमल कबड्डी खेळते. ही पोर माझ्या कडेवर वाढली, मालकांच्या खांद्यावर बसून लेण्यांच्या पायऱ्या चढली. भिंत झाली आणि तिचं येणं थांबलं. मला तर घर खायला उठायचं. त्या दिवशी तिचा अंतिम सामना नेटवर दाखवणार होते. "बघायचंय कुणाला?" असं सकाळपासून घोकत मालक धुतलेला शर्ट घालून टीव्हीसमोर बसले होते. मला मात्र बघायचंच होतं. जीव नुसता तुटत होता.

सामन्याला थोडा वेळ असताना चित्र गेलं आणि पाटी आली, की याच नंबरचा पत्ता नेटवर्कवर दुसरं कुणीतरी वापरतंय. भिंतीपलीकडूनही ओरडा आला, "आरं, गेलं!" मी म्हटलं, मोबाइलवर बघू. तर मालक खेकसले, "एवढ्याशा काचंत पोरगी मुंगीएवढी दिसंल!" बघायचंय कुणाला म्हणे!

मी नेटवाल्या भाऊंना फोन केला. नवल म्हणजे ते लगेच आले. बोटं मुडपली, आमचा टीव्ही बघितला, मग पलीकडे गेले. दिरांनी आपल्या लोहगडवाडीच्या टपरीवरचा मोठा टीव्ही सामन्यापुरता घरी आणून जोडला होता. तोही यांनीच लावलेला. तोही एकशेएक! भाऊंनी कपाळावर हात मारला. "एका पाटावर दोन नवरदेव बसवले की वो मी!"

"आता एकाला एकशेदोन देतो, झालं," ते म्हणाले. झालं कसलं! मालक उसळले, "मोठा मी. धाकल्याच्या मागला नंबर घिऊ व्हय?" पलीकडून दीर गरजले, "पोरीचा सामना हाय! शुभ नंबर मी न्हाई सोडायचा!" दोन वर्षांनी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलले, ते हे.

"आवं, पोरी मैदानात उतरल्या तिकडं!" म्हणत नेटवाले भाऊ भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचत होते. मग मालकांच्या कानाशी लागले, "एकशेएक तुमचाच." पलीकडे जाऊन दिरांच्या कानाशी लागले. तिथं काय सांगितलं, ते मला न ऐकताच कळलं. ते परत आल्यावर मी खुणेनं विचारलं, खरं काय? हळूच म्हणाले, "पोरीच्या बापाकडं ऱ्हाऊ द्या." मी तोंडात पदराचा बोळा कोंबून हसू दाबलं. दोन्ही टीव्ही लागले, दोन्ही भाऊ मिशीत हसले.

पण गंमत पुढेच. पलीकडचा टीव्ही आमच्या पुढे धावत होता! आमची कोमल अजून मधल्या रेषेवर उभी, आणि तिकडे शिट्ट्या. मालकांचा नुसता तिळपापड. "आरं, तिनं पाय बी टाकला न्हाई, आन् ह्यांनी गुण घेतला!" नेटवाले भाऊ छताकडे बघत बसले. "त्याला माझा इलाज न्हाई. लाइव्ह असंच आस्तंय."

शेवटची चढाई. बरोबरी. आमच्या पडद्यावर कोमल बुटाची नाडी बांधत होती, आणि भिंतीपलीकडून जावेची किंकाळी आली, "आई गंऽ!" मग काहीच नाही.

मालक ताडकन उठले. पोर पडली? लागलं? आमचा टीव्ही सांगेपर्यंत थांबायला माणसाचा जीव थाऱ्यावर हवा ना! ते अनवाणी धावले आणि दोन वर्षं ज्या भिंतीकडे बघत नव्हते, ती एका ढांगेत ओलांडून पलीकडे गेले. मी मागे. पोचतोय तर दिरांनी त्यांना मिठीच घातली. "दादा, आली! धरलं हुतं, तरी तिघींना घिऊन आली!" दोघं लहान मुलांसारखे रडत होते, आणि जाऊ माझ्या गळ्यात पडून हसत होती.

मी भिंतीवरून मागे वळून बघितलं. आमच्या रिकाम्या घरात नेटवाले भाऊ एकटेच पडद्याला नाक लावून उभे होते. सगळं उरकल्यावर त्यांच्या पडद्यावरची कोमल आत्ता कुठे परतत होती. तिनं रेषेला हात लावला आणि त्यांनी एकट्यानंच टुणकन उडी मारली. मग मला बघून ओशाळले.

"वहिनी, च्या तिकडंच टाका सगळ्यांचा," म्हणाले. "हितला टीव्ही करतो बंद."

चहा झाल्यावर मी त्यांना हाक मारली. स्कूटर नव्हती. त्यानंतर सगळे सामने आम्ही एकाच टीव्हीवर बघायला लागलो, म्हणून त्या तक्रारीसाठी त्यांना बोलवायची वेळच आली नाही, आणि त्यांचा त्या दिवशीचा चहा आमच्याकडे उधारच राहिला.