उजव्या खांद्याचं माप

कागदावर डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं: उजवा खांदा. तरी मी डावाच धरला आणि खसकन वर ओढला.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. अमरावतीच्या एका दवाखान्यात मी एक्स-रे काढत असे. समोरचा माणूस आमच्याच गावचा, दर्यापूरकडचा पाटील. त्याच्याच बैलानं त्याला भिंतीवर दाबलं होतं आणि डाव्या खांद्यातल्या हाडाच्या डोक्याचा पार भुगा केला होता. ते काढून तिथं पोलादी गोळा बसवायचा होता, मुंबईहून मागवून. भुग्याचं माप काय घेणार, कपाळ? म्हणून धड असलेल्या उजव्या खांद्याचा फोटो काढायचा, त्यावर कंपास टेकवून हाडाची गोलाई मोजायची आणि तेवढाच गोळा मागवायचा. डाव्याला हात लावायचं कामच नव्हतं.

पण मला लावायचा होता. आम्ही धम्म घेतला त्या वर्षी माझ्या बापानं याचं मेलेलं जनावर ओढायला नाही म्हटलं. यानं त्याला गोठ्यामागं नेऊन काठीनं झोडपलं. पाठीवर, बरगड्यांवर, आणि काठी मोडली तेव्हा लाथांनी. मी कुडाआडून पाहिलं. भीतीनं पुढं झालो नाही. त्याची लाज मला आजही जाळते.

"अबे मेलो! सोड, सोड!" पाटील असा बोंबलला की डॉक्टर धावत आले. ते पुण्याकडचे.

"डावा कशाला धरलास?"

"तुलनेसाठी, साहेब." मी धडधडीत खोटं बोललो.

पाटील घामानं निथळत होता. "हा मुद्दाम करून राहिला. ह्या पोट्ट्याले मी वळखतो. दुसरा मानूस द्या मले."

"दुसरा नाही इथं. हाच काढेल." डॉक्टर मला डोळ्यांनी दटावून निघून गेले.

पुन्हा आम्ही दोघंच. खरं सांगतो, माझ्या डोक्यात आता त्याहून वाईट शिजलं होतं. एक्स-रेत खांदा फिल्मच्या प्लेटपासून जितका दूर, तितकं हाड मोठं दिसतं. उजवा खांदा चार बोटं पुढं ठेवला की माप फुगणार, मोठा गोळा येणार आणि तो सांध्यात फिरणारच नाही. हात जन्मभर लटकत राहील आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. भोग म्हणावं, लेका!

मी त्याला उभा केला. प्लेट आणि खांदा यांच्यामध्ये बरोबर चार बोटांची फट ठेवली. "हलू नका," म्हटलं.

तो हलला नाही. भिंतीकडं पाहत म्हणाला, "तुह्या बापानं तं आवाजबी नोता काढला."

माझा हात उठला. थोबाडीत मारणारच होतो त्याच्या. त्यानं मान खाली घातली आणि डोळे मिटले. अडवायला एक हात तर उचलतच नव्हता. दुसरा त्यानं उचलला नाही.

मी शिव्या हासडल्या, एक नाही, चार. मग त्याचा खांदा धरून प्लेटला घट्ट टेकवला. "श्वास रोखा." फोटो स्वच्छ आला. कंपासनं मी तीनदा माप घेतलं, तिन्ही वेळा तेच आलं, आणि तेच डॉक्टरांच्या हाती दिलं.

संध्याकाळी खोलीवर परतलो. बाप तेव्हा माझ्याजवळच राहायला आला होता. दारात बसून विळ्याला धार लावत होता. इतक्या वर्षांत आम्ही त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

"बा, पाटलानं तुले एवढं मारलं, तू ओरडला काहून नाही?"

त्यानं वर पाहिलं नाही. "कुडाआड तू होता ना बाप्पा. ओरडलो असतो तं धावत आला असता. मंग त्यानं तुले जित्ता सोडलं नसतं."