साखराबाईची न खायची मोहरी

रेणापूरच्या अलीकडे साखराबाईचं रान आहे. बांधापलीकडे काही वर्षं पत्र्याचं एक शेड होतं. जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं भट्टीत वितळवायचं काम तिथं चाले, आणि फुटक्या बॅटऱ्यांचं पाणी उताराने साखराबाईच्या रानात उतरे. एका हिवाळ्यात बांधावर चरणारी तिची म्हशीची वगार आंधळ्यासारखी खुंट्याभोवती फिरू लागली, दात खाऊ लागली आणि मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी शिशाच्या विषबाधेची शंका व्यक्त केली. गावाने ओरड केली तेव्हा मालक पत्रे उचकटून घेऊन गेला. शिसं मातीतच राहिलं.

डॉक्टरांच्या ओळखीने मनस्विनी मॅडम आल्या. त्या लातूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांनी माती तपासून आणली, तर उताराकडच्या पट्टीत शिसं फार निघालं. तिथं मोहरी लावा, असं त्यांनी सुचवलं. मोहरी मुळांवाटे थोडं थोडं शिसं वर ओढते. पीक मुळासकट उपटायचं, मग ते सुरक्षित ठिकाणी न्यायची सोय कॉलेज करणार होतं. मात्र त्यातलं पानही खायचं नाही, जनावरांना घालायचं नाही, जाळायचंही नाही. काम संथ आहे, पट्टी पुरती साफ होईलच असं नाही, हेही मॅडमनी आधीच सांगून टाकलं.

साखराबाईच्या नवऱ्याला, अण्णारावांना, हे पटेना. "खायचं न्हाई, इकायचं न्हाई, मग पेरायचं कशाला?"

"त्या पट्टीतली ज्वारी उद्या नातवाच्या ताटात येईल," साखराबाई म्हणाली. "तुमी वाढताल का?"

दुसऱ्या दिवशी अण्णारावांनी पट्टी वखरून दिली.

मोहरी जोमात आली. पिवळ्या फुलांनी रान असं भरलं की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. साखराबाईने भोवती बाभळीच्या काट्या लावल्या आणि घरोघर जाऊन सांगितलं, की यातलं काही तोडू नका.

खालच्या रानातली नागुबाई तिची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. दोघी एकमेकींच्या रानात खुरपायला जायच्या. एका संध्याकाळी साखराबाई तिच्याकडे विरजण मागायला गेली, तर चुलीवर पालेभाजी शिजत होती. कशाची, म्हणून विचारलं. नागुबाई हसत म्हणाली, की तुझ्याच रानातली कवळी पानं हायत, चार मुठी घेतली.

साखराबाईने पातेलं उतरवलं, भाजी प्लास्टिकच्या पिशवीत ओतली आणि पिशवीला गाठ मारली. नागुबाईची सून बघत उभी होती.

"चार पानांसाठी लई झालं हे," नागुबाई म्हणाली.

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं. साखराबाई समजवायला गेली, तर नागुबाई आतून बाहेरच आली नाही. खुरपायला आता एकटीने जावं लागे. भाजी टाकली याचं साखराबाईला वाईट वाटत नव्हतं. पण काम करता करता हात थांबे आणि नजर खालच्या रानाकडे जाई.

मोहरीची तीन पिकं निघाली. दर वेळी कॉलेजची गाडी येऊन भारे झाकून घेऊन गेली. पुन्हा माती तपासली तेव्हा शिसं कमी झालं होतं, पण थोडंच. मॅडमनी लपवलं नाही. त्या म्हणाल्या, आता उताराच्या कडेला वाळा लावू. त्याची मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात, म्हणजे पावसात ती खालच्या रानात वाहून जाणार नाही.

वाळ्याची रोपं लावायच्या दिवशी नागुबाई खुरपं घेऊन आली आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला बसली. लावत लावत दोघी जवळ आल्या.

"भाजी टाकलीस त्याचं काय न्हाई," नागुबाई मान खाली घालूनच म्हणाली. "सुनंम्होरं टाकलीस."

"हाव," साखराबाई म्हणाली. "तेवढं चुकलं माझं."

नागुबाईने पुढचं रोप मागितलं.

आता त्या पट्टीत झेंडू असतो. दसऱ्याला फुलं लातूरच्या बाजारात जातात. ज्वारी मात्र साखराबाईने तिथं अजून पेरलेली नाही.