वासराची जाळी

डेंग्यूचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मला आधी काय वाटलं, ते सांगायची लाज वाटते. मला हायसं वाटलं. मी बायकोला म्हटलं, "चला, आता डास चावला काय नि न चावला काय! व्हायचं ते होऊन गेलं." एवढी अक्कल पाजळून मी डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये, खिडकी सताड उघडी टाकून, बनियनवर आडवा झालो. डॉक्टरांनी दिवसासुद्धा मच्छरदाणीत राहायला सांगितलं होतं. ते मी कानाआड केलं, कारण डॉक्टर माझ्या निम्म्या वयाचे होते आणि मी पदवीधर आहे.

आतल्या खोलीत मुलगी होती. सातवा महिना, बाळंतपणाला आलेली.

तिची मी काळजी घेत नव्हतो असं नाही. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, टॉवेल वेगळा. तिच्या खोलीच्या उंबऱ्याला पाय लावत नव्हतो. खोकला आला तर तोंड भिंतीकडे करत होतो. डेंग्यू खोकल्यातून पसरत नाही हे मला माहीत नव्हतं का? होतं. शाळेच्या पुस्तकातही होतं. पण माहीत असणं आणि डोक्यात शिरणं यांत आमच्यासारख्यांचं अख्खं आयुष्य निघून जातं. तिला परत वर्तकनगरला सासरी पाठवावं, असंही बायकोने सुचवलं. मुलगी म्हणाली, "तिथे शेजारची बिल्डिंग पाडून खड्डा खणलाय, त्यात तळं झालंय. तिथले डास काय सोवळ्यातले आहेत?"

मग सोसायटीच्या कमिटीने कंबर कसली, म्हणजे धुराचं मशीन मागवलं. धूर सोडणाऱ्या माणसाशेजारी सगळे पदाधिकारी नाकाला रुमाल लावून फोटोसाठी उभे राहिले. पाच मिनिटांत बिल्डिंग गायब झाली, सातव्या मिनिटाला परत दिसली. झुरळं तेवढी वर आली. डास जिन्यात जरा फिरून आले असावेत.

भेटायला येणाऱ्यांचं तर विचारूच नका. दारातूनच "प्लेटलेट किती?" असं विचारायचे, जसा स्कोअर विचारतात. आकडा चांगला असला की त्यांचा चेहरा पडायचा. तळमजल्यावरच्या काकू पपईच्या पानांचा हिरवागार रस घेऊन आल्या आणि मी पेला रिकामा करेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचे खजिनदार माझ्याच पलंगावर बसले, दीड तास स्वतःच्या मूतखड्याबद्दल बोलले आणि मध्येच त्यांनी माझ्या दंडावर सटकन चापट मारली.

"अरे बघा, केवढा टपोरा! सगळं तुमचं रक्त!"

आणि मी हसलो. माझ्या रक्तावर पोसलेला डास बघून मला, खरं सांगतो, थोडा अभिमानच वाटला.

त्याच वेळी दारात माझा मेहुणा उभा होता.

माझी सासुरवाडी विठ्ठलवाडीजवळची. चहूकडे बिल्डिंगा उठल्या तरी या गृहस्थाने मधल्या तुकड्यात सहा गाई राखलेल्या. गेली पंचवीस वर्षं तो आला की मी त्याला सोफ्यावर न बसवता प्लास्टिकची खुर्ची पुढे करतो. शेणाचा वास लागतो ना सोफ्याला! त्यालाही सवय झालेली; येतो आणि स्वतःच खुर्ची ओढून घेतो. त्या दिवशी तो बसला नाही. काखेत हिरव्या जाळीचं बोचकं होतं. तो माझ्या दंडावरचा लाल डाग बघत राहिला.

"दाजी, हा तर मेला. याच्या आधीचे किती पिऊन गेले?"

"मला काय करणारेत ते आता?"

"तुमाला नाय. आत पोर हाय ना?"

खजिनदार उठले. त्यांना एकदम काम आठवलं.

मेहुणा म्हणाला, "गुरांत लम्पीची साथ आली तेव्हा आमी जाळी शिवली. लोक बोलले, चांगल्या गाई जाळीत घाल. मी आजारी वासरू घातलं. डास, गोमाशी त्याला चावून दुसरीकडे जाता नये. सहाच्या सहा गाई उभ्या राहिल्या."

"आणि वासरू?"

"ते गेलं." त्याने बोचकं सोडलं. "घाबरू नका, जाळी दोनदा उकळून आणलीय. ही तुमाला वाचवायला नाय, दाजी. तुमच्यापासून वाचवायला हाय."

माझ्याकडे पदवी होती. ती भिंतीवर चौकटीत लावलेली होती. मेहुण्याने ती उतरवून सोफ्यावर ठेवली आणि तिच्या खिळ्याला जाळीचं एक टोक बांधलं. उरलेली तीन टोकं खिडकीच्या गजाला, कपाटाच्या कडीला आणि कपड्यांच्या दोरीला गेली. एक कोपरा वासराने चघळलेला होता, त्याला गाठ मारली. मग तो घरभर फिरला. बाथरूमचं पिंप ओतून घासून काढलं, वर फडकं बांधलं, आणि फ्रिजमागचा ट्रे माझ्या नाकासमोर धरला. आत अळ्या वळवळत होत्या. मी तो ट्रे कधी बघितलाच नव्हता, कारण दिवाबत्तीनंतर रॅकेट फिरवून डास मारणं एवढंच माझं खातं होतं.

ताप उतरेपर्यंत, आणि त्यापुढेही डॉक्टर हो म्हणेपर्यंत, मी दिवसरात्र वासराच्या जाळीत पडून होतो. मुलगी लांबून बघून म्हणाली, "बाबा, झाकून ठेवलेल्या सुक्या बोंबलासारखे दिसताय."

मी बरा झालो, पण खरी गंमत पुढे होती. आधीच पिऊन गेलेला एखादा डास घरात असेल, तर त्याच्या अंगात विषाणू पिकायला आठ-दहा दिवस आणि चावल्यावर ताप चढायला आणखी आठवडाभर, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. या वेळी मी ऐकलं. तीन आठवडे रोज सकाळी मी मुलीच्या दाराशी उभा राहून "अंग मोडून आलंय का?" असं विचारत होतो. एका दुपारी तिने कपाळ चोळलं. मी चपला न घालता तिला रिक्षात बसवलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला; उन्हात कपडे वाळत घालायला गेली होती, बाकी काही नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी अनवाणी उभा होतो आणि पोरीसमोर रडायला नको म्हणून महानगरपालिकेला शिव्या देत होतो.

पुढे नात झाली. बायकोने ती जाळी अर्धी करून पाळण्याला शिवली. "गुराची जाळी बाळावर?" असं म्हणून तळमजल्यावरच्या काकूंनी नाक मुरडलं. मी त्यांना पपईच्या पानांचा रस घेणार का, असं विचारलं.

परवा मेहुणा आला. गाय व्यायलीय, जाळी हवी होती.

"ती आता मिळायची नाही," मी म्हटलं. "तुला नवीन आणून देतो. आणि इथे सोफ्यावर बस."

तो प्लास्टिकच्या खुर्चीवरच बसला. "राहू दे, दाजी. वास लागंल."

मी पाळण्यापाशी जाऊन, आधीच नीट खोचलेली जाळी पुन्हा एकदा खोचली.