रांजणाखालचा गळा

मी सातवीत शाळा सोडली. माहेर आटपाडीकडं. लग्नानंतर हैदराबादला आले, कारण आमचे हे सिकंदराबादला सोनं गाळायच्या दुकानात कामाला. काचीगुड्यात आम्ही एक खोली घेतली. मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं एक संग्रहालय आहे. तिथं झाडलोटीला आणि वस्तू पुसायला बाई हवी होती. मी तिथल्या मॅडमना भीतभीत सांगितलं, दाखला नाही माझ्याकडं. त्या म्हणाल्या, "दाखल्यानं कुठं धूळ निघते?" त्यांचा फोटो देव्हाऱ्यात लावायचा तेवढा राहिलाय. तरी नोकरी जाईल या भीतीनं पहिलं वर्षभर मी त्या वस्तूंसमोर खोकलेसुद्धा नाही.

तिथली मोठी वस्तू म्हणजे रोमच्या लोकांचा दारूचा रांजण, दोन हजार वर्षांचा. बूड गाजरासारखं निमुळतं, त्यामुळं आपला आपण उभा राहत नाही. त्याला लोखंडी घडवंची होती. तिचा पाय मोडला, ती वेल्डरकडं गेली, आणि वेल्डर मेहुणीच्या लग्नाला गेला. दुसऱ्या दिवशी इटलीचे एक पाहुणे यायचे होते. ते त्यांच्या जुन्या रोमन गावात आपल्यासारखंच लहान संग्रहालय चालवतात.

"आणि आपला रांजण आडवा!" मॅडम म्हणाल्या. "काहीतरी करा."

कुणी करायचं, ते मी विचारलं नाही. आमच्याकडं माठ फुटला तरी त्याचा गळा टाकत नाहीत. तो पालथा घालून वर नवा माठ बसवतात. मी घरचा गळा घेऊन आले. त्याला तडा गेला होता आणि ह्यांनी त्यात पांढरं सिमेंट भरलं होतं. चौकीदार चाचांनी रांजण उचलून धरला, मी गळा खाली सरकवला, मागं भिंतीचा टेकू दिला. असा बसला, जणू मापानंच घडवला होता.

पाहुणे आले, पण रांजणाकडं त्यांनी बघितलंच नाही. ते फरशीवर गुडघे टेकून बसले आणि अर्धा तास माझ्या माठाचा गळा बघत राहिले. इंग्रजीत काहीतरी बोलले. मॅडमचे डोळे भरून आले. मला त्यांनी हिंदीत समजावलं, "त्यांच्या गावात हे रांजण वाळूत खुपसून ठेवतात. आपल्या लोकांनी तेव्हाच रांजण उभा करायला हे कडं शोधून काढलं होतं! आणि त्यात रोमन चुना आहे म्हणतात. गोदामातून काढलंत ना?"

मी हो म्हणून मान हलवली. नोकरीच्या भीतीनं हलवली.

दुपारपर्यंत पाटी तयार झाली. तिच्यावर सातवाहन काळ. मी चाचांना कोपऱ्यात गाठलं.

"चाचा, आता काय करू?"

"नक्को बोलो बाई. पाहुना खुश, मॅडम खुश. तुमारा माठ इज्जतदार हो गया, तुम कायकू रोते?"

मी गप्प बसलेही असते. पण पाहुण्यांनी ते कडं सहा महिने त्यांच्या गावी मागितलं. आधी प्रयोगशाळेत तपासणी, मग प्रदर्शन. मॅडम पत्रावर सही करायला बसल्या. प्रयोगशाळेत ह्यांचं सिमेंट निघणार. माझी नोकरी जाईलच, पण ज्यांनी बिनदाखल्याचं कामाला ठेवलं, त्यांना परदेशात हसतील.

"मॅडम, तो माझा माठ आहे."

"कुठला माठ?"

"घरचा. उन्हाळ्यात फुटला. तो चुना नाही, आमच्या ह्यांनी भरलेलं सिमेंट आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. हे सगळं पाहुण्यांना इंग्रजीत सांगणंही त्यांच्याच वाट्याला आलं. दोनदा सुरू करून थांबल्या, मधे पाणी प्यायल्या. पाहुणे मात्र रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, असे माठ अजून मिळतात का?

"उद्या त्यांना घेऊन जा," मॅडम माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "नोकरीचं नंतर बघू."

सकाळी मी आणि पाहुणे दिलसुखनगरच्या फुटपाथवर. त्यांनी चार नवे माठ घेतले, तिथंच बसून खाली आपटले आणि गळे तेवढे वर्तमानपत्रात गुंडाळले. माठवाली माझ्याकडं बघायला लागली. "अम्मा, इसका दिमाग ठीक है ना? पानी नक्को, सिर्फ गला होना?" मी म्हटलं, त्यांच्या गावात रांजण आपले आपण उभे राहत नाहीत. ती म्हणाली, "तो बोलना था ना, फुटे हुए सस्ते में देती थी."

परत आल्यावर मॅडमनी मला दोन कागद दिले. एकात विनापरवानगी घरची वस्तू प्रदर्शनात ठेवल्याबद्दल ताकीद. दुसऱ्यात तीच वस्तू संग्रहालयाला भेट दिल्याबद्दल आभार. पाटी बदलली होती. आता तिच्यावर लिहिलं होतं: माठाचा गळा, मागचा उन्हाळा.

"म्हणजे मी कामावर आहे का, मॅडम?"

"काढून टाकलेल्या बाईला ताकीद कशाला देऊ? दोन्हीवर सही करा."

सही करायची सवय नाही, त्यामुळं दोन सह्या दोन बायकांच्या वाटाव्यात अशा झाल्या. मॅडमनी त्या शेजारी शेजारी धरून बघितल्या आणि फायलीत लावल्या.