भाईंच्या घरची चार मतं

आखातातल्या हमद टाउनमध्ये मी ज्या गॅरेजात काम करतो, तिथले एसी मेकॅनिक भाई आमच्या शेजारच्या गावचे. नववीत शाळा सोडलेल्या मला त्यांनीच इथे आणलं. अजूनही माझा प्रत्येक कागद तेच वाचून सांगतात. माणूस असा, की पहिल्या दिवशी आमटीचं तोंडभर कौतुक करणार आणि दुसऱ्या दिवशी त्याच आमटीला नावं ठेवणार.

विधानसभेला भाई रजा टाकून गावी गेले होते, सत्ताधाऱ्यांना मत द्यायला. म्हणून यंदा माझी वहिनी त्याच पक्षातर्फे जिल्हा परिषदेला उभी राहिली, तेव्हा मी निर्धास्तपणे त्यांच्या घरची चार मतं मागितली.

भाईंनी माझ्यासमोरच बायकोला फोन लावला. "या टायमाला दुसऱ्यांना द्या. चौघांनी पण."

मी चाचरत विचारलं, "भाई, वहिनीचं काय चुकलं?"

"तिचं काय नाय रे, पोरगी चांगली आहे. पण ओढ्यावरच्या साकवाचं काम दोन वर्षं बंद. वरच्यांना वाटतंय, हे आपलेच, जातात कुठे. एवढ्याने सरकार काय पडत नाय. जरा घाबरू दे."

"आणि पुढच्या विधानसभेला?"

"तेव्हा परत त्यांनाच, इंशाल्ला."

वहिनी तीन मतांनी पडली. भाईंच्या चार मतांचं कळल्यावर तिने मला फोनवर बजावलं, त्या माणसाशी बोलायचं नाही. काय करावं ते सुचेना, म्हणून मी भाईंनाच विचारलं.

ते म्हणाले, "चार दिवस नको बोलूस माझ्याशी. तिला बरं वाटेल."