भिंतीकडं तोंड केलेला पंखा

लेकीच्या नव्या रिमोटला एक बटण आहे. ते चालू केलं की गेममधल्या गोळ्या आपोआप सुटत राहतात. ते बघताना आमची कोल्हापूरची खोली आठवली.

दादानं टेबलफॅनच्या जाळीला लाकडी पट्टी बांधली होती, तिच्या टोकाला जुन्या चपलेचं रबर. पंख्यानं मान वळवली की रबर व्हिडिओ गेमच्या रिमोटचं गोळीचं बटण दाबायचं. त्यासाठी पंख्याचं तोंड भिंतीकडं केलं होतं.

आबा फौंड्रीतून घामेघूम होऊन आले. दादा घाईनं पट्टी सोडायला लागला.

"ऱ्हाऊ दे की! डाव जाईल न्हवं तुझा."

आबा पेपरची घडी करून वारा घेत कौतुकानं खेळ बघत बसले. दादाचा अंगठा दुखू नये म्हणून पंखा राबत होता, आणि दिवसभर साचे उचलून आलेलं आबांचं मनगट वर-खाली, वर-खाली हलत होतं.